वाट पाहण्याच्या काळात काय करायचे? एका भगिनीच्या प्रश्नाला उत्तर

प्रिय भगिनी,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुमचे पत्र सावकाश वाचले. हे उत्तर तुमच्यासारख्या इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून तुमची हकिकत आणि प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. डी. एड. करून तुम्ही शिक्षिका झालात. तिशी गाठण्याआधीच वडिलांना पक्षाघात झाला. आई त्यापूर्वीच वारली होती आणि भाऊ परगावी होता, त्यामुळे वडिलांची सेवा तुमच्याकडे आली. त्या वर्षांत लग्नाची बोलणी निघाली आणि मोडली. गेल्या पावसाळ्यात वडील प्रभूमध्ये झोपी गेले. आता चाळिशी उलटली आहे, घर रिकामे आहे, आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलींच्या बोर्डिंगमधून अधीक्षिकेच्या जागेसाठी तुम्हाला विचारणा झाली असून महिनाअखेर उत्तर द्यायचे आहे. मंडळीत ज्याला त्याला विचारावे तो म्हणतो की देवाची वेळ परिपूर्ण असते. तुम्ही विचारता, की ती गेलेली वर्षे देवाच्या वेळेत होती की वाया गेली, आता थांबावे की जावे, आणि देवाकडून स्पष्ट खूण मिळेपर्यंत काहीही न ठरवणे हाच खरा विश्वास आहे का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे दोन त्यावर अवलंबून आहेत. खुणेसाठी थांबू नका. पवित्र शास्त्र वाट पाहणाऱ्या माणसाला तारीख क्वचितच देते, काम मात्र जवळजवळ नेहमी देते. देवाच्या वेळेवर भरवसा ठेवायचा म्हणजे तारीख ठाऊक नसताना हातातले काम मनापासून करत राहायचे, एवढेच मी आजवरच्या पाळकीय सेवेत शिकलो आहे आणि दुःखी माणसांना तेवढेच सांगत आलो आहे.

बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकाचा तिसरा अध्याय तुम्ही रोज वाचता असे लिहिले आहे. तो अध्याय आपल्याकडे अंत्यविधीला आणि वर्षअखेरीच्या मध्यरात्रीच्या उपासनेला इतक्या वेळा वाचला जातो, की त्यातली जन्माची वेळ, मरणाची वेळ अशा चौदा जोड्यांची लय कानांना सुखावते आणि अर्थ निसटून जातो. त्यातला जन्म आणि मृत्यू कोणाच्याच हातात नाही. पण लावणे, उपटणे, मोडणे, बांधणे, फाडणे, शिवणे, गप्प राहणे, बोलणे ही सगळी माणसाने स्वतः करायची कामे आहेत. वेळ देवाची असली तरी सुई-दोरा घेऊन शिवायला बसायचे असते ते माणसालाच. पुढे अकराव्या वचनात लेखक सांगतो की देवाने प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळी सुंदर केली आहे, तरीही देवाचे कार्य आदीपासून अंतापर्यंत माणसाला उमगत नाही. हे वचन भिंतीवर लावताना आपण पहिला अर्धा भाग ठेवतो आणि दुसरा गाळतो. आपला ऋतू कोणता हे कळत नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष देत आहात; शास्त्र तर म्हणते की ते पूर्णपणे कळणे माणसाला दिलेलेच नाही. आणि या न कळण्यावर लेखकाचा सल्ला लगेच बाराव्या-तेराव्या वचनांत आहे: आनंदाने राहावे, हित करावे, खावे-प्यावे आणि आपल्या श्रमात सुख मानावे, हे देवाचे देणे आहे.

आता यिर्मयाकडे येतो, कारण तुमच्या पत्रात तुम्ही त्याच्याच एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन उतरवून काढले आहे. तुमच्याविषयी माझ्या मनात असलेले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, या आशयाचे ते वचन आपल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतल्या कॅलेंडरवर असते, आणि नव्या वर्षाच्या वचनचिठ्ठ्यांमध्ये ते निघाले की माणूस हरखून जातो. ते वचन प्रिय असावे यात काहीच गैर नाही. पण ते ज्या पत्रात आहे ते पत्र कोणी, कोणाला आणि कशासाठी लिहिले हे ठाऊक असले, तर त्याचा आधार आणखी भक्कम होतो.

इ. स. पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतील राजाला, अधिकाऱ्यांना आणि कारागिरांना धरून बाबेलला नेले. मागे राहिलेल्यांमध्ये यिर्मया होता आणि हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टाही होता. हनन्याने मंदिरात, याजकांसमोर आणि सर्व लोकांसमोर जाहीर केले की दोन वर्षांच्या आत परमेश्वर बाबेलचे जू मोडील आणि सगळे बंदिवान परत येतील. एवढे बोलून तो थांबला नाही. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेले लाकडी जू काढून त्याने लोकांदेखत मोडून टाकले. जू मोडण्याआधी, हनन्याची ती घोषणा ऐकून यिर्मयाने काय म्हटले ते अवश्य पाहा. तो म्हणाला, आमेन, परमेश्वर तसेच करो. त्यालाही लोक परत यावेत असेच वाटत होते. पण ती तारीख देवाने दिलेली नव्हती, आणि यिर्मयाने नंतर हनन्याला तोंडावर सांगितले की तू या लोकांना खोट्यावर भिस्त ठेवायला लावत आहेस. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मरण पावला.

त्यानंतरच्या अध्यायात यिर्मयाचे बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे. त्यात तो म्हणतो की घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांचे फळ खा, लग्ने करा, मुलाबाळांची लग्ने लावून द्या, आणि ज्या नगरात मी तुम्हाला पाठवले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या शांतीत तुमची शांती आहे. हे सगळे झाल्यावर दहाव्या वचनात सत्तर वर्षांचा आकडा येतो, आणि तुमचे आवडते अकरावे वचन त्याला लागूनच आहे. हे पत्र हाती पडले तेव्हा जो चाळिशीत होता, त्याला स्वतः परत जायला मिळणार नाही हे हिशेब करताच कळले असेल. त्याच्यासाठी हिताचा संकल्प होता तो बाबेलमधल्या घरात, बागेत आणि नातवंडांत. देव त्याला विसरला नव्हता, आणि त्याची हयात ही मधली रिकामी जागाही नव्हती.

म्हणूनच, जो कोणी तुम्हाला एवढ्या महिन्यांत तुमचे लग्न होईल किंवा या वर्षी देव तुमचे दार उघडील असे मुदत घालून सांगतो, त्याच्यापासून जपून राहा, मग तो कितीही प्रार्थनाशील असो. अशा मुदती उलटल्यावर माणसाचा विश्वास कसा खचतो ते मी फार जवळून पाहिले आहे. मुदत सांगणारा तोवर दुसऱ्या गावी दुसऱ्या सभेत असतो आणि खचलेला माणूस स्वतःच्या विश्वासात काही खोट होती का हे शोधत बसतो. साराला नव्वदाव्या वर्षी मुलगा झाला, तेव्हा तुम्हालाही उशिरा का होईना संसार मिळेलच, असे प्रार्थनासभेत तुम्हाला सांगण्यात आल्याचे तुम्ही लिहिले आहे. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण त्या मुलाचे, इसहाकाचे, वचन देवाने साराचा पती अब्राहाम याला त्याच्या वंशाविषयीच्या कराराचा भाग म्हणून दिले होते. ते प्रत्येक वाट पाहणाऱ्या स्त्रीला दिलेले नाही. लग्न होईल असे मी सांगू शकत नाही आणि होणार नाही असेही नाही. ते दार मोकळे ठेवा, योग्य स्थळ आले तर संकोच न करता विचार करा, पण त्या दारासमोर बसून राहू नका.

आता गेलेल्या वर्षांबद्दल. तुमच्या पत्रात एक ओळ अगदी ओझरती आली आहे: इतकी वर्षे अंथरुणाला खिळून असूनही वडिलांच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही. पक्षाघाताच्या रुग्णाची सेवा ज्यांनी केली आहे त्यांना त्या ओळीचे मोल कळेल. त्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. चादरीला सुरकुती राहू द्यायची नसते, टाचा टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली घडी द्यावी लागते, पाठ कोरडी ठेवावी लागते, पेज भरवताना मान किंचित पुढे धरून एकेक चमचा उतरेपर्यंत थांबावे लागते. शाळा सांभाळून हे सारे तुम्ही केले. पौल तीमथ्याला लिहितो की मुलांनी आपल्या आईवडिलांचे उपकार फेडायला शिकावे, कारण ते देवाला मान्य आहे. देवाची वेळ पुढे कधीतरी येणार होती आणि तोवरची वर्षे नुसती उलटली, असा हिशेब कृपा करून मांडू नका. त्या खोलीत, त्या दोन-दोन तासांच्या पाळीत, तुम्ही देवाच्या इच्छेच्या अगदी मध्यभागी होता.

असे असूनही त्या वर्षांत जे हातचे गेले त्याचे दुःख करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सेवा पवित्र होती म्हणून तिची किंमत मोजावी लागली नाही असे होत नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजर आजारी असल्याचे कळल्यावरही प्रभू येशू होते तेथेच आणखी दोन दिवस राहिले, आणि बेथानीला पोहोचले तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था सरळ म्हणाली की प्रभू, तुम्ही येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मरीयाही तेच म्हणाली. प्रभूंनी दोघींपैकी एकीलाही या बोलण्याबद्दल दटावले नाही, आणि पुढच्या काही क्षणांत लाजर उठणार हे माहीत असूनही ते रडले. म्हणून मंडळीत कोणी तुमच्या अश्रूंवर देवाची वेळ परिपूर्ण असते हे वाक्य ठेवले, तर ते वाक्य खरे असले तरी त्या जागी ते प्रभूचे वागणे नव्हे, हे मी पाळक म्हणून स्पष्ट सांगतो. देवाजवळ मार्थेसारखे बोला. त्याने तुमचा विश्वास कमी ठरत नाही.

आपल्याच महाराष्ट्रातल्या एका आयुष्याकडे पाहा. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वणवण करताना त्यांचे वडील, आई आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि 1882 मध्ये पतीही गेले. चोविसाव्या वर्षाच्या आसपास त्या विधवा होत्या आणि पदरात लहानगी मनोरमा होती. आपला ऋतू कोणता हे त्या वेळी त्यांना कोणी विचारले असते तर त्या काय सांगणार होत्या? त्या पुण्याला आल्या आणि त्याच वर्षी आर्य महिला समाजाचे काम उभे केले. पुढे वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या, तर कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. तेव्हा चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवत त्या स्वतः शिकत राहिल्या. इंग्लंडमध्येच 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीने खंगलेल्या मुली आणि विधवा गोळा करून आणल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन वाढले.

या चरित्रावरून प्रवचन करताना एक मोह होतो, तो मी कटाक्षाने टाळतो. आईवडील दुष्काळात गेले म्हणूनच पुढे रमाबाईंना दुष्काळग्रस्त मुलींची कणव आली आणि देवाने त्यासाठीच ते घडवले, असे म्हणणे सोपे आहे. मला ते देवाच्या तोंडी घालण्याचा अधिकार नाही. एवढेच म्हणता येते की भूक काय असते हे ठाऊक असलेली स्त्री, वेळ आली तेव्हा, काम करण्याच्या तयारीत होती. शिवाय तिची सगळी गणिते शेवटी जुळली असेही नाही. मुक्तीचे काम मनोरमा पुढे नेईल अशी सर्वांची अपेक्षा होती. ती 1921 मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाईंनी त्या दुःखातही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम खाली ठेवले नाही, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या तेव्हा ते हातावेगळे झाले होते. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय ज्या विश्वासणाऱ्यांची नावे घेतो, त्यांच्याविषयी तो हेच म्हणतो की वचनांचे फळ हाती न येता, ते दुरून पाहून, ते मेले.

आता तुमच्या निर्णयाकडे. गिदोनाने लोकर पसरून खूण मागितली होती, तसे मीही करू का, असे तुम्ही विचारता. शास्त्यांचा सहावा अध्याय नीट वाचला तर दिसते की काय करायचे हे देवाने गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितले होते. खूण त्याने भीतीपोटी मागितली आणि दुसऱ्यांदा मागताना रागावू नकोस अशी विनवणीही केली. देवाने त्याची दुर्बळता सोसली, पण निर्णय घेण्याची ती पद्धत म्हणून आपल्याला घालून दिलेली नाही. प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात पौल आणि त्याचे सोबती बिथुनियाकडे निघाले असताना अडवले गेले आणि मग मासेदोनियाकडे वळले. ते चालत होते, म्हणून त्यांना वळवता आले.

याकोबाच्या पत्रात धीर धरणारा माणूस म्हणून शेतकऱ्याचे उदाहरण आहे. त्या देशात पहिला पाऊस शरदात पेरणीच्या वेळी आणि शेवटला वसंतात दाणे भरताना पडतो, आणि दोन्ही त्याच्या हातात नसतात. आमच्या नगर भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. नांगरट, कुळवाच्या पाळ्या, शेणखत हे तो उन्हाळ्यातच उरकून ठेवतो. पाऊस झाला की लगेच पेरत नाही, वाफसा येण्याची वाट पाहतो. आणि वाफसा आला का हे बांधावर बसून कळत नाही, शेतात उतरून माती मुठीत दाबून पाहावी लागते. गोळा तसाच चिकटून राहिला तर थांबायचे, हलकेच फुटला तर तिफण जुंपायची. उशीर केला तर ओल उडून जाते. तुमच्या निर्णयाचीही माती तुम्ही हातात घेऊन पाहावी असे मला वाटते.

म्हणून उत्तर देण्याआधी त्या बोर्डिंगमध्ये जा आणि निदान दोन रात्री राहा. मुलींच्या पंगतीत जेवा. रात्री एखादी मुलगी तापाने फणफणली तर कोणाला उठवतात, दवाखाना किती लांब आहे, गाडीची सोय काय, कोठीघराच्या किल्ल्या कोणाकडे असतात, हिशेबाची वही कोण तपासते, आधीच्या अधीक्षिका का सोडून गेल्या, हे विचारा, आणि शक्य असेल तर त्या बाईंशीच बोला. मग घरी येऊन प्रार्थनेत स्वतःला प्रामाणिकपणे विचारा की त्या मुलींचे काम मला बोलावते आहे, की या रिकाम्या घरातून निघून जायची मला घाई झाली आहे. दोन्ही थोडे थोडे असेल, ते स्वाभाविक आहे. पण दुसरेच जास्त असेल तर थांबा, कारण ते रिकामेपण सामानाबरोबर तिथेही येईल. तुम्हाला चांगले ओळखणाऱ्या आणि तुम्हाला नाही म्हणायची हिंमत असणाऱ्या दोघा-तिघांशी बोला. भावालाही विचारा, इतकी वर्षे त्याला काही विचारण्याची तुम्हाला सवय राहिलेली नाही असे पत्रावरून जाणवते.

जायचे ठरले तर परतीची वाट तोडू नका. शाळेत राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा मिळते का ते पाहा, आणि बोर्डिंगच्या समितीला सांगा की पहिले शैक्षणिक वर्ष दोन्ही बाजूंनी पारखण्याचे राहील. घर विकू नका. जवळचे माणूस गेल्यानंतर इतक्या लवकर घर विकून पुढे हळहळणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. वडिलांची खोली आवरण्याचे काम एकटीने करू नका, भावाला किंवा एखाद्या मैत्रिणीला बोलावून घ्या.

आणि समजा, वर्षभराने कळले की ते काम तुमचे नव्हते. तेव्हा देवाची वेळ चुकली असे समजू नका, परत या. दावीदाला लहान वयात अभिषेक झाला, तरी हेब्रोनात तो राजा झाला तेव्हा तीस वर्षांचा होता, आणि साऱ्या इस्राएलाचे राज्य मिळायला त्यानंतरही साडेसात वर्षे गेली. मधल्या काळात तो कधी गुहेत होता, कधी पलिष्ट्यांच्या मुलखात, आणि तिथल्या प्रत्येक मुक्कामाचा निर्णय काही त्याने देवाला विचारून घेतला होता असे दिसत नाही. तरीही देवाने त्याला सोडले नाही. एन-गेदीच्या गुहेत त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल त्याच्या हाती सापडला होता, आणि ही देवानेच आणलेली वेळ आहे असे त्याचे सोबती त्याला सांगत होते. दावीदाने हात उगारला नाही, कारण एखादी संधी समोर आली एवढ्यावरून ते कृत्य योग्य ठरत नाही हे त्याला कळत होते. तुमच्यापुढे आलेली संधी तशी नाही. अनाथ आणि परगावच्या मुलींना जीव लावणे हे काम मुळातच चांगले आहे, त्यामुळे जाण्यात किंवा न जाण्यात पाप कुठेच नाही, आणि पुष्कळदा देव आपल्याला अशाच मोकळ्या मैदानात उभे करून निवड आपल्यावर सोपवतो.

बोर्डिंग पाहून आलात की मला लिहा. महिनाअखेरीपर्यंत दिवस कमी वाटले, तर समितीकडे पंधरा दिवसांची मुदत मागून घ्या. अशा कामासाठी योग्य बाई शोधणारी मंडळी तेवढी मुदत सहसा देतात.

तुमचा,
प्रभूच्या सेवेतला एक वयस्क पाळक